पॅकेट कॅप्चरचा बफर वाढवला तरी ड्रॉप थांबत नाहीये? या चुका टाळा

टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट्स पकडून साठवणारं टूल) बंद केला की शेवटी तीन आकडे येतात, किती पॅकेट्स कॅप्चर झाली, फिल्टरकडे किती आली, आणि 'ड्रॉप्ड बाय कर्नल' किती, म्हणजे बफरमध्ये जागा नाही म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) किती टाकून दिली. बरेच जण पहिला आकडा बघतात आणि फाईल उचलून थेट वायरशार्कमध्ये (पकडलेली पॅकेट्स तपासायचं टूल) उघडतात. तिसरा आकडा शून्य नसेल तर त्या फाईलच्या जोरावर कुणालाही दोष देऊ नका, प्लीज. आमच्याकडे यावरून दोन दिवस स्विचवाल्या टीमशी वाद चालला होता की तुमच्याकडे पॅकेट्स गळतायत, आणि नीट बघितलं तर समोरच्या मशीनने त्या सगळ्या सेगमेंटना (टीसीपी डेटाच्या तुकड्यांना) अ‍ॅक, म्हणजे पोच, दिलेला होता, म्हणजे पॅकेट्स व्यवस्थित पोचली होती, फक्त आपल्या कॅप्चरला ती दिसली नव्हती. वायरशार्कमध्ये 'अ‍ॅक्ड अनसीन सेगमेंट' दिसलं की पहिला संशय कॅप्चरवरच घ्या.

आता बफर, म्हणजे आलेली पॅकेट्स फाईलमध्ये जाईपर्यंत जिथे थांबतात ती मेमरी. लिनक्सवर डिफॉल्ट फक्त २ एमबी असतो. १० गिगाबिटची लाईन पूर्ण भरून वाहत असेल तर सेकंदाला सव्वा जीबी डेटा येतो, म्हणजे हा बफर २ मिलिसेकंदही टिकत नाही. मग आपण तो वाढवतो, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण डॅश कॅपिटल बी हा ऑप्शन टीसीपीडंपमध्ये केबीत मोजला जातो आणि डंपकॅपमध्ये (वायरशार्कसोबतचं कॅप्चर टूल) एमबीत. डंपकॅपच्या सवयीने टीसीपीडंपला ५१२ दिलं तर मिळतो अर्धा एमबी, म्हणजे डिफॉल्टपेक्षाही कमी! ५१२ एमबी हवा असेल तर ५२४२८८ लिहायचं.

दुसरी चूक म्हणजे 'आरमेम मॅक्स' ही कर्नलची सेटिंग वाढवत बसणं. ती सॉकेटच्या नेहमीच्या रिसीव्ह बफरची मर्यादा आहे, लिनक्सवर लिबपीकॅप (टीसीपीडंप ज्यावर चालतो ती लायब्ररी) मेमरी मॅप केलेली वेगळी रिंग, म्हणजे गोल फिरून वापरला जाणारा बफर, वापरतो, त्यामुळे तिथे कितीही शून्य वाढवली तरी या ड्रॉपवर काही फरक पडत नाही.

आणि बफर बरोबर ५१२ एमबी दिला तरी काय, फुल स्पीडला तो अर्ध्या सेकंदात भरतो. त्याने फक्त अचानक आलेला लोंढा झेलला जातो, डिस्क सेकंदाला ५०० एमबीच लिहीत असेल तर ६४ जीबीचा बफरसुद्धा शेवटी भरणारच. डिस्कच अडवतेय का हे बघायला फाईलऐवजी डेव्ह नलमध्ये (लिहिलेलं सगळं फेकून देणारी फाईल) लिहून बघा, ड्रॉप थांबले तर उत्तर मिळालं. अशा वेळी मला बफरपेक्षा स्नॅपलेन (प्रत्येक पॅकेटचे किती बाइट्स साठवायचे तो आकडा) कमी करणं जास्त उपयोगी वाटतं. नुसते हेडर हवे असतील तर डॅश एस ९६ द्या, मोठ्या पॅकेट्सची १० गिगाबिटची लाईन साधारण ८ लाख पॅकेट्स सेकंदाला आणते, तेवढ्यांचे हेडर १०० एमबीच्या आत बसतात, ते साधी हार्ड डिस्कही झेलते. आणि स्क्रीनवर प्रिंट करत कॅप्चर करू नका, डॅश डब्ल्यूने फाईलमध्येच लिहा.

कर्नलवाला आकडा शून्य, तरी पॅकेट्स गायब? मग नेटवर्क कार्डकडे बघा. कार्डची रिंग भरली की पॅकेट तिथेच पडतं, कर्नलपर्यंत येतच नाही, त्यामुळे त्या आकड्यात मोजलंही जात नाही. इथटूल (नेटवर्क कार्डची माहिती आणि सेटिंग दाखवणारं टूल) डॅश कॅपिटल एसमध्ये 'आरएक्स मिस्ड एरर्स' किंवा तसंच नाव असलेला काउंटर वाढतोय का बघा (नाव ड्रायव्हरप्रमाणे बदलतं). वाढत असेल तर इथटूलच्याच डॅश स्मॉल जीने रिंगचा मॅक्सिमम बघून कॅपिटल जीने वाढवा, पण बऱ्याच ड्रायव्हरमध्ये यामुळे लिंक क्षणभर पडते, चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर भर दुपारी हे करू नका.

हेही सगळं शून्य असेल तर मिरर पोर्ट तपासा, म्हणजे स्विच दुसऱ्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची कॉपी ज्या पोर्टवर पाठवतो तो. १० गिगाबिटच्या पोर्टवर दोन्ही दिशा मिळून २० गिगाबिट वाहू शकतं आणि ते सगळं तुम्ही १० गिगाबिटच्याच एका पोर्टमधून मागताय, उरलेलं स्विच मिरर पोर्टवरच टाकून देतो. ते कॅप्चर मशीनच्या कुठल्याच काउंटरमध्ये दिसणार नाही, स्विचवर त्या पोर्टचे आउटपुट ड्रॉप बघावे लागतात.