छोट्या तेल कंपनीवरचा ‘बाय’ कसा वाचायचा

लासलगावला कांदा क्विंटलमागे पाचशेने उतरला की शेतकऱ्याचं वर्षाचं गणित फिरतं. पीक तेवढंच, मजुरीही तेवढीच. जमिनीतून तेल काढून विकणारी छोटी कंपनी त्याच जातीची. म्हणून ब्रोकरेजच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावरचा ‘बाय’ (शेअर घ्या, हा सल्ला) आणि टार्गेट (शेअर कुठवर जाईल तो भाव) सोडून आधी अंदाजांचा तक्ता उघडा. तिथं ब्रेंटचा (ज्याच्या भावावर जगभर कच्चं तेल मोजतात त्या तेलाचा) गृहीत भाव, डॉलरचा दर आणि रोजचं उत्पादन शोधा. हे तीन आकडे नसतील तर पुढच्या वर्षाचा ईपीएस (शेअरमागचा नफा) कशावर उभा आहे, हे कळायला मार्ग नाही.

आकडे मिळाले की एक्सेलमध्ये मांडा. समजा रोज २,००० बॅरल, म्हणजे वर्षाला ७.३ लाख. ७५ डॉलर भाव आणि ८५ रुपयांचा डॉलर धरला तर विक्री साधारण ४६५ कोटी. आता भाव ६५ करा. विक्रीतून ६२ कोटी गेले. सरकारला द्यायची रॉयल्टी भावाच्या टक्क्यांत असते, ती थोडी घटेल. ब्लॉकला (तेल काढायला मिळालेल्या क्षेत्राला) सेस, म्हणजे कच्च्या तेलावरचा सरकारी कर, लागू असेल तर तोही २० टक्क्यांच्या हिशेबाने उतरेल. पण विहिरींची देखभाल, पगार, घसारा जागचे हलत नाहीत. करपूर्व नफा १०० कोटी धरला असेल तर तो निम्म्याच्या आसपास येतो. भाव पडला जेमतेम १३ टक्के!

सगळ्यात जास्त फसगत उत्पादनाच्या आकड्यात होते. ब्लॉकमध्ये कंपनीचा वाटा ४० टक्के आणि तक्त्यात मात्र अख्ख्या ब्लॉकचं उत्पादन, असं असू शकतं. वाटा वार्षिक अहवालात ब्लॉकनिहाय दिलेला असतो, तिथून ताडून घ्या. करारानुसार सरकारला जाणारा हिस्सा वजा केलाय का, तेही पाहा. आकडा ‘बीओई’मध्ये (तेल आणि गॅस मिळून बॅरलमध्ये मोजायचं एकक) असेल तर त्यात गॅस मिसळलेला आहे. गॅसला तेलाचा भाव लावला की विक्री फुगते, म्हणून दोन्ही वेगळे करा.

समुद्रातल्या विहिरींची आणखी एक गंमत आहे. तेल साठवून जहाज भरेल एवढं झालं की विकतात. तिमाहीत जहाज लागलंच नाही तर उत्पादन होऊनही विक्री कमी दिसते, आणि ‘अंदाज चुकला’ म्हणून शेअर आपटतो. अशा वेळी निकालातला साठ्यातल्या बदलाचा आकडा आधी बघावा.

‘कन्सेन्सस’ (विश्लेषकांच्या अंदाजांची सरासरी) या शब्दाला फार भुलू नका. कंपनीवर दोनच विश्लेषक लिहीत असतील तर सरासरी नावालाच. एकाचा ईपीएस १२, दुसऱ्याचा २४, आणि सरासरी १८ कुणाचीच नाही. दोघांचे तेलाचे भाव शेजारी ठेवा, बराचसा फरक तिथंच सापडेल. रिपोर्टची तारीखही पाहा; ब्रेंट १५ डॉलरने हलल्यावर तीन महिन्यांपूर्वीचं टार्गेट शिळं झालेलं असतं. मधे बोनस, स्प्लिट किंवा क्यूआयपी (मोठ्या संस्थांना नवे शेअर विकणं) झाला असेल तर जुना ईपीएस नव्या शेअरसंख्येवर आणल्याशिवाय तुलना करू नका.

सरकारी कराचा धक्का नाशिककरांना समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क रातोरात आलं होतं. कच्च्या तेलावर १ जुलै २०२२ पासून विंडफॉल टॅक्स (भाव चढल्याने झालेल्या जादा नफ्यावरचा कर) होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये गेला. मात्र आदल्या वर्षी २० लाख बॅरलपेक्षा कमी उत्पादन करणाऱ्यांना त्यातून सूट होती. त्या काळातले नफे मोठ्या कंपन्यांशी ताडताना हे विसरलं की छोटी कंपनी उगाच जास्त कार्यक्षम वाटते.

रेटिंग, म्हणजे तो ‘बाय’, शेवटी वाचा. विश्लेषकाचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो. शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत ब्रोकरेजची कंपनीत १ टक्का किंवा जास्त मालकी आहे का आणि गेल्या १२ महिन्यांत कंपनीकडून मोबदला घेतलाय का, हे लिहिलेलं असतं.

तिमाही निकाल ४५ दिवसांत येतो, मार्चचा ६० दिवसांत. तो अंदाजाशी ताडण्याआधी इतर उत्पन्न काढून टाका आणि कोरड्या निघालेल्या विहिरीचा खर्च नफ्यात परत जोडा. मग उरलेला फरक भावामुळे की बॅरलमुळे, ते वेगळं लिहून ठेवा; भावाचा पुढच्या तिमाहीत भरून निघू शकतो, आटत चाललेल्या विहिरीचा सहसा निघत नाही.