सेलबर्नचे पूर्वज शोधायला निघण्याआधी

इंग्लंडमधल्या खेड्यातलं घराणं शोधायचं, तर सुरुवात पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवहीपासून करू नये. माहितीतल्या शेवटच्या माणसापासून एकेक पिढी मागे सरकावं आणि चर्चच्या वह्यांपर्यंत पोचेतो हातात एक नाव, एक अंदाजे साल आणि एक गाव पक्कं असावं. नमुन्यादाखल हॅम्पशर परगण्यातलं सेलबर्न घेऊ.

आधी 1 जुलै 1837 पासूनचे सरकारी दाखले गोळा करा. जन्माच्या दाखल्यात आईचं माहेरचं आडनाव असतं, लग्नाच्या दाखल्यात दोन्हीकडच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय. मग जनगणना. 1841 च्या मोजणीत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. म्हणजे 39 वर्षांचा माणूस 35 चा दिसतो. शिवाय जन्म त्याच परगण्यातला की नाही, एवढंच कळतं. जन्मगाव मिळतं ते 1851 पासून, त्यामुळे शक्य असेल तर माणूस 1851 मध्ये सापडेपर्यंत त्यामागे जाऊ नका. सेलबर्नचा एखादा मजूर 1841 मध्ये दिसतच नसेल, तर नोव्हेंबर 1830 चा उठाव आठवा. मजुरांनी सेलबर्न आणि हेडलीच्या गरीबखान्यांवर चाल केली होती आणि नंतर काही जणांना हद्दपार करून ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं.

नकाशा जवळ हवाच. सेलबर्नला लागून न्यूटन व्हॅलेन्स, एम्पशॉट, हार्टली मॉडिट अशी पॅरिशं आहेत आणि बाजाराचं गाव आल्टन. लग्न सहसा मुलीच्या पॅरिशमध्ये लागे, पहिल्या मुलाचा बाप्तिस्माही पुष्कळदा तिच्या माहेरी होई. सेलबर्नच्या वहीत लग्न मिळालं नाही म्हणून हताश होण्याआधी शेजारची सगळी गावं पाहा.

नोंदी कोणत्या काळात किती बोलतात, हे आधीच लिहून घ्या, म्हणजे भलत्या अपेक्षा राहत नाहीत. नोंदवह्या ठेवायचा हुकूम 1538 चा, पण कित्येक गावांत त्या बऱ्याच नंतरच्या काळापासूनच उरल्या आहेत. 1598 पासून दरवर्षीची नक्कल बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही उंदरांनी किंवा ओलीने खाल्ली असेल तर हीच नक्कल कामी येते. 1653 ते 1660 या काळात खिंडार असणार, असं धरूनच चाला. 25 मार्च 1754 पासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांची आणि साक्षीदारांची सही किंवा फुली असते. साक्षीदारांची नावं उतरवून घ्यायला विसरू नका, ती बरेचदा भावाबहिणींची निघतात. 1813 पासून छापील तक्ते आले: बाप्तिस्म्यात राहण्याचं ठिकाण आणि बापाचा व्यवसाय, दफनात वय.

तारखांचा घोळ फार फसवतो. 1752 च्या आधी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलत असे. एप्रिल 1723 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1723 मध्ये बाप्तिस्मा असं दिसलं, तर मूल लग्नाआधीचं नाही, दहा महिन्यांनंतरचं आहे. अशी तारीख टिपताना 1723/4 असंच लिहा. जुन्या वह्यांत लॅटिन भेटेल: याकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, फिलिया म्हणजे मुलगी, सेपुल्टस म्हणजे दफन केलेला. आडनावाची जितकी स्पेलिंगं सुचतील तितकी घरूनच लिहून न्या, कारण पाद्री कानाला पडेल ते लिहीत. उतरवताना मात्र वहीतलं स्पेलिंग सुधारू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. 1783 मध्ये सेलबर्नला राहणारे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी पॅरिशची मोजणी केली, तेव्हा माणसं 676 भरली. एवढ्याशा वस्तीत जॉन, विल्यम, मेरी, अॅन हीच नावं घरोघरी. 1813 पूर्वीची बाप्तिस्म्याची नोंद पुष्कळदा एवढीच असते: जॉन, विल्यम आणि मेरी यांचा मुलगा. त्याच आडनावाची दोन विल्यम-मेरी जोडपी गावात असली की नावाच्या भरवशावर जोडलेली वंशावळ तिथेच मोडते. यावर एकच उपाय आहे. त्या आडनावाच्या निदान चाळीस वर्षांतल्या सगळ्या नोंदी उतरवा, एका जोडप्याला एक कागद द्या, आणि मग दफनाची वही घेऊन बसा. जो जॉन दोन महिन्यांचा होऊन वारला, तो पंचवीस वर्षांनी लग्न करू शकत नाही. लोक दफनं पाहायचा कंटाळा करतात आणि मेलेल्या मुलाला आपला पूर्वज ठरवतात. सापडलं नाही तेही साल घालून लिहा, नाहीतर तीच वही पुन्हा चाळाल.

नोंदवह्यांपलीकडे पॅरिशच्या पेटीतले, म्हणजे पॅरिशच्या कारभाराचे, कागद मागा. 1662 च्या कायद्यानंतर गरिबाला पोसायची जबाबदारी कोणत्या पॅरिशची, यावरून वाद चालत. त्यातून वास्तव्याचे दाखले, हकालपट्टीचे हुकूम, जबान्या तयार झाल्या. जबानीत मजूर स्वतः सांगतो की जन्म कुठला, कुणाकडे वर्षभर चाकरी केली, लग्न कधी झालं, मुलं किती. साध्या माणसाचं आयुष्य इतकं सविस्तर दुसऱ्या कुठल्याच कागदात क्वचितच मिळतं, त्यामुळे या गठ्ठ्यांसाठी वेळ राखून ठेवाच. लग्न चर्चमध्ये, पण मुलांचे बाप्तिस्मे कुठेच नाहीत, असं असेल तर कुटुंब वेगळ्या पंथाचं असू शकतं. 1754 ते 1837 क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच लग्न लावावं लागे. अशा वेगळ्या पंथांच्या वह्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये पाहा.

जुन्या वह्या शोधायला गावातल्या चर्चचं दार ठोठावू नका, विंचेस्टरला हॅम्पशरच्या दप्तरखान्यात जा. उघडायचे दिवस आणि वाचक-कार्डाला लागणारी ओळखपत्रं आधी तपासा. पेन आत चालत नाही, पेन्सिली न्या. बहुतेक वेळा मूळ वहीऐवजी फिल्म किंवा स्कॅन मिळेल. प्रत्येक फोटोसोबत दस्तऐवजाचा क्रमांक टिपा. सेलबर्नला जायचं ते थडग्यांवरचे लेख वाचायला.

आणि एखादा मुलगा फौजेत जाऊन गावातून नाहीसा झाला असेल, तर मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं पाहा. त्यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/3 या क्रमांकाखाली आहेत, आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा पाहता येतात.