वृषणातलं प्रथिन अँटिबॉडीने शोधताना या चुका टाळा

रत्नागिरीत आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी नवी मुलं येतात आणि त्याच चुका करतात. आमचं नेहमीचं प्रथिन टीएसएसके६, वृषणातलं एक एन्झाइम. शुक्रपेशी घडताना मिऑसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) आटोपल्यावरच्या पेशींत ते दिसतं. त्याला चिकटणारी अँटिबॉडी सशात तयार केलेली, ऊती बोकडाची किंवा उंदराची. तिच्यावर रंग आणणारी दुसरी अँटिबॉडी लावतो, ती सेकंडरी.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कंट्रोल (तुलनेच्या स्लाइड) नीट न लावता निकाल मानणं. एका विद्यार्थिनीच्या स्लाइडवर प्रत्येक स्पर्मॅटिडच्या (घडत असलेल्या शुक्रपेशीच्या) डोक्यावर स्वच्छ तपकिरी चंद्रकोर आली होती. फोटो इतके सुंदर की तिने ते घरीही पाठवले. मी विचारलं, साध्या सशाची आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटिबॉडी) त्याच सांद्रतेला लावलीस का? "सर, नुसती सेकंडरी लावून बघितली, ती कोरी आहे." दुसऱ्या दिवशी आयजीजी लावली, तर तीच चंद्रकोर! कित्येक सशांच्या रक्तात मुळातच ॲक्रोसोमला (शुक्रपेशीच्या डोक्यावरच्या टोपीला) चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात. नुसत्या सेकंडरीच्या स्लाइडवर सशाची अँटिबॉडीच नसते, मग ही लबाडी तिथे सापडणार कशी? तिचे तीन आठवडे गेले. मला त्याहून वाईट वाटलं ते याचं, की हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझी सवय सांगतो. प्रत्येक खेपेला आयजीजीची एक स्लाइड, यकृताची एक (तिथे हे प्रथिन दिसायला नको) आणि दहा दिवसांच्या उंदराच्या वृषणाची एक. उंदरात गोल स्पर्मॅटिड साधारण विसाव्या दिवशी दिसू लागतात, त्यामुळे दहा दिवसांचं वृषण कोरं राहायला हवं. या तिन्ही स्लाइड मी आधी बघतो, नमुन्याची शेवटी. शक्य असेल तर सीरम न वापरता शुद्ध केलेली अँटिबॉडी घ्या. वेळ वाचवायला कंट्रोल गाळणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

दुसरी चूक गणपतीतली. एकाने बोकडाचं अख्खं वृषण बॉइन्सच्या (ऊती टिकवणाऱ्या) द्रावणात टाकलं आणि कणकवलीला गेला, परतला तो गौरी-विसर्जनानंतर. बॉइन्समध्ये नलिकांचा आकार फॉर्मॅलिनपेक्षा चांगला टिकतो हे खरं, पण मुक्काम लांबला की प्रथिनाची ओळखखूण झाकली जाते. शिवाय बाहेरचं जाड आवरण द्रावणाला लवकर आत शिरू देत नाही. त्यामुळे बाहेरचा भाग मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) ठिसूळ होऊन तुटत होता आणि मधला कच्चाच राहिला होता. "सर, सायट्रेटमध्ये आणखी उकळू का?" नाही रे बाबा, सायट्रेटमध्ये उकळून झाकलेली ओळखखूण उघडते खरी, पण जास्त उकळलं की स्लाइडवरची ऊतीच सुटून येते. वृषण कापून ५ मिलिमीटरचे तुकडे करा, एक रात्र बॉइन्समध्ये ठेवा, मग पिवळा रंग जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोल बदलत राहा. सुट्टी तोंडावर असेल तर नमुना आणूच नका. आणि बॉइन्समधलं पिक्रिक ॲसिड सुकलं की स्फोटक होतं, बाटलीच्या झाकणाला लागलेलंसुद्धा.

बोकडाच्या ऊतीवर शेळीत तयार केलेली पहिली अँटिबॉडी लावू नका. शेळीच्या अँटिबॉडीला धरणारी सेकंडरी ऊतीतल्या आयजीजीलाच धरते आणि सगळी स्लाइड रंगते.

उंदराच्या प्रथिनावर बनवलेली अँटिबॉडी बोकडात चालेल असं धरून चालू नका. दोन्ही प्रथिनांतला अमिनो आम्लांचा क्रम आधी जुळवून बघा.

धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं, रंग आणणारं एन्झाइम) मरतं आणि रंग येत नाही.

पावसाळ्यात इथे वारंवार लाइट जाते. अँटिबॉडी आल्या दिवशीच १० मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. उघडलेली नळी परत गोठवायची नाही, ती ४ अंशांवर. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर नको, तो रोजच थोडा गरम होतो.

खाटकाकडून वृषण आणताना थर्मास घेऊन जा. मिरकरवाड्यात मासळीसाठी मिळतो तो बर्फ पुरतो, मात्र नमुना पिशवीत बांधा, बर्फाला थेट लावू नका. मे महिन्यात नुसत्या पिशवीतून आणलेल्या वृषणाच्या पेशी सडू लागलेल्या असतात आणि तिथे कुठलीही अँटिबॉडी काहीही दाखवते.