शास्त्रीय, भीमगीतं, हळदीची गाणी, रॅप: कलाकाराचं प्रमोशन करायला नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मी ठाण्यात राहते आणि गेली बरीच वर्षं गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांचं बुकिंग, फोटो, सोशल मीडिया, रिलीज असं सगळं बघते. सुरुवात एका शास्त्रीय गायिकेपासून झाली, मग तिच्या तबलजीचा भाऊ बेंजो पार्टीत होता त्यांचं काम आलं, त्यांच्या ओळखीतून हळदीची गाणी करणारे दोघं भाऊ आले आणि आता दोन रॅपर पोरंही आहेत. मास मीडिया करणारी किंवा स्वतः गाणारी मुलंमुली सारखं विचारतात की ताई रील आठवड्याला किती टाकायच्या, बूस्ट करायचं का, लोगो कसा हवा. एका मेसेजमधे उत्तर मावत नाही म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी, रील किती हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या कलाकाराला पैसे कोण देणार आहे आणि तो माणूस याचं गाणं पहिल्यांदा कुठे ऐकणार आहे, हे आधी शोधा. शास्त्रीयमधे तो माणूस म्हणजे संगीत मंडळाचा कार्यवाह, भीमगीतांमधे जयंतीची कमिटी, हळदीला डीजे, रॅपमधे कॉलेजची पोरं. या चौघांना एकच पोस्ट दाखवून काहीही होत नाही, कारण चौघं वेगळ्या गोष्टीवर विश्वास ठेवतात. कलाकाराची इमेज त्या विश्वासातून तयार होते, कपडे आणि लोगो त्याच्या मागून येतात.

शास्त्रीयपासून सुरू करते, कारण तिथे नवीन मुलं सर्वात जास्त गोंधळतात. कार्यवाहांकडे बायोडेटा येतो तेव्हा ते काय बघतात, तर गुरू कोण, किती वर्षं शिकतेय, आकाशवाणीची ग्रेड (रेडिओच्या ऑडिशनमधून मिळणारा दर्जा) आहे का आणि आधी कुठे गायलंय. "सुमधुर गळ्याची अष्टपैलू गायिका" वगैरे वाक्यं कुणी वाचत नाही, सरळ काढून टाका. एक पान पुरे. त्यासोबत १२ ते १५ मिनिटांचं एकच लाइव्ह रेकॉर्डिंग पाठवा, विलंबित आणि द्रुत दोन्ही असलेलं, कुठेही न कापलेलं आणि तानपुरा स्वच्छ ऐकू येणारं. त्यावर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) ओतू नका. ही माणसं आयुष्यभर पहिल्या रांगेत बसून ऐकत आलेली असतात, रिव्हर्ब जास्त झाला की त्यांना पहिल्या दोन मिनिटांत कळतं की सूर झाकलेत.

फोटोचंही सांगते, यावर मी भांडून भांडून काम करून घेते. मैफलीचे बहुतेक फोटो वाया जातात कारण माईक बरोब्बर तोंडासमोर येतो आणि तान चालू असताना चेहरा वेडावाकडा दिसतो. फोटोग्राफरला समोर न बसवता बाजूला तिरकं बसवायचं, जिकडून माईकचा स्टँड चेहऱ्यावर येत नाही तिकडून, आणि त्याला सांगायचं की सुरुवातीच्या आलापीत फोटो काढ, तेव्हा डोळे उघडे असतात, हात मोकळा असतो. मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्या फोकसमधे नसली तरी फ्रेममधे हवी. एक आडवा फोटो फ्लेक्ससाठी, एक उभा निमंत्रणासाठी. आणि पोस्टरवर तबला-पेटीच्या साथीदारांची नावं विसरलात तर ते फार मनाला लावून घेतात आणि त्यांचं बरोबरच आहे. आणखी एक, ही साथीदार मंडळी आज कोल्हापूर, उद्या नाशिक, परवा डोंबिवली अशी फिरत असतात आणि "ती मुलगी चांगली तयार झालीये हो, एकदा ऐका" हे वाक्य त्यांच्या तोंडून कार्यवाहांपर्यंत पोचतं. शास्त्रीयमधे याच्यापेक्षा मोठं प्रमोशन मला आजवर दिसलेलं नाही.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मधे पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केला आणि आजही तिथे गायला मिळणं म्हणजे एक शिक्का असतो. पण तिथवर जायचा रस्ता लहान लहान मंडळांमधून, गुरुपौर्णिमेच्या बैठकांमधून, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत लावलेल्या हजेरीतून जातो, त्यामुळे नवीन गायिकेला मी सांगते की पहिली दोन-तीन वर्षं मानधन कमी असलं तरी चालेल पण ऐकणारे कान बघून कार्यक्रम घे. यूट्यूब नको असं अजिबात म्हणत नाहीये. राहुल देशपांडेंनी साध्या बैठकीतले व्हिडिओ टाकून नाट्यगीतं आणि अभंग किती तरुण लोकांपर्यंत नेले ते आपण बघतोच. फक्त त्यांच्यामागे आधी रियाज आणि मैफली होत्या, कॅमेरा नंतर आला.

आता हळदी. ठाणे, भिवंडी, कल्याण, पनवेल, उरण या पट्ट्यात आगरी-कोळी लग्नात हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी असते आणि त्या रात्री कुठलं गाणं वाजणार हे डीजेच्या हातात असतं. म्हणजे तुमचं पहिलं गिऱ्हाईक डीजे. गाणं यूट्यूबवर टाकून लिंक फॉरवर्ड केली की झालं असं नवीन पोरांना वाटतं, पण डीजेला लिंकचा उपयोग नाही, त्याला फाइल लागते. आम्ही काय करतो, तर रिलीजच्या आधीच आसपासच्या डीजेंना चांगल्या क्वालिटीची फाइल पाठवतो, सुरुवातीला नुसत्या ढोल-बीटचे आठ बार (बीटची आठ आवर्तनं) ठेवलेले म्हणजे त्याला आधीच्या गाण्यातून आत यायला जागा मिळते, आणि फाइलच्या नावातच गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि बीपीएम (गाण्याचा वेग) लिहिलेला. पेनड्राइव्हमधे शेकडो गाणी असतात, "फायनल मिक्स नवीन २" असं नाव असलेली फाइल रात्री साडेअकराला त्याला सापडणार आहे का? नाही सापडत, आणि मग तुमच्या जागी दुसऱ्याचं गाणं वाजतं. स्टेप सोपी हवी, नवरीच्या आत्याला आणि काकीला बघून बघून जमली पाहिजे. रिलीज दिवाळीच्या आसपास करा, कारण तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू होतात आणि तोवर गाणं डीजेच्या सेटमधे बसलेलं असलं पाहिजे.

व्हिडिओ करताना कोळीवाड्यातल्या बायकांना विचारल्याशिवाय शूट ठरवू नका. लुगडं नेसायची पद्धत, आंबाड्यातली फुलं, दागिने कुठल्या वेळी कुठले घालायचे, हे चुकलं की पहिल्या तासात कमेंटमधे आपलीच माणसं धुतात, आणि का धुऊ नये, त्यांच्या घरातली गोष्ट आहे ती. आम्ही तर गल्लीतल्या एका मावशींना शूटभर सोबत ठेवतो, त्यांचं मानधन बजेटमधे पहिल्यापासून धरतो. मुलींना कॅमेऱ्यासमोर उभं करण्याआधी त्या एकेकीचा पदर स्वतः बघतात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय कॅमेरा सुरू होत नाही.

भीमगीतांचं कॅलेंडर वेगळं. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, नागपूरला दीक्षाभूमीचा सोहळा, या तारखांभोवती सगळं फिरतं. गायकाचं बुकिंग जयंती कमिट्या खूप आधीपासून करतात, त्यामुळे नवं गाणं मार्चपर्यंत लोकांच्या मोबाइलमधे गेलेलं असावं. या गाण्यांचा प्रसार कुठल्या मोठ्या कंपनीच्या जाहिरातीवर उभा राहिलेला नाही, वस्तीतल्या कार्यक्रमांवर आणि कॅसेटवर राहिलाय. प्रल्हाद शिंदे, मग आनंद आणि मिलिंद शिंदे, मग आदर्श शिंदे, तीन पिढ्यांचा आवाज घराघरात गेला तो असाच. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी गाण्यांच्या सीडी लागायच्या, पुढे पेनड्राइव्ह आले, कित्येक गावांत गाणी तिथूनच जायची. आणि कडुबाई खरातांचं बघा, हातात एकतारी, साधी साडी आणि तो आवाज, कुणीतरी मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओतून त्या राज्यभर पोचल्या. अशा कलाकाराला तुम्ही डिझायनर कपडे आणि लाइटिंग देऊन "ब्रँडिंग" करायला गेलात तर जे होतं तेच घालवाल. तिथे तुमचं काम एवढंच, की आवाज नीट रेकॉर्ड होतोय ना, गाडीभाडं वेळेवर मिळतंय ना, स्टेजवर मान मिळतोय ना हे बघणं.

तमाशाकडे नवीन मुलं बघतच नाहीत, त्यांनी एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन यावं. फडमालक तिथे राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी ठरवायला येतात, फडाचं नाव, कलाकारांचे फोटो, बोर्ड सगळं समोर मांडलेलं. समोरासमोर बोलून तारीख ठरते. बुकिंग शिकायचं असेल तर याच्याइतकी चांगली शाळा नाही.

रॅपमधे माणूस आणि त्याची जागा हीच इमेज. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मधे पहिला व्हिडिओ आयपॅडवर केला होता, बजेट नव्हतं पण गल्ली खरी होती. एमसी स्टॅन पुण्याच्या ताडीवाला रोडचा, बोलतो तसाच गाण्यात बोलतो, बिग बॉस जिंकला तोपर्यंत त्याचे शब्द पोरांच्या तोंडी बसलेले होते. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच वऱ्हाडी बोलीसकट टीव्हीच्या रॅप शोमधे उभा राहिला. माझ्याकडच्या एका पोराला सुरुवातीला उधारीच्या चेन आणि भाड्याची गाडी हवी होती, मी म्हटलं तुझे वडील रिक्षा चालवतात ना, स्टँडवर शूट करू, आणि त्याच्याच स्टँडवरच्या सगळ्या काकांनी तो व्हिडिओ आपापल्या स्टेटसला ठेवला. पैसे देऊन असा प्रेक्षक आणता येत नाही.

रॅपच्या बीटवर सुरुवातीला प्रोड्युसरचं नाव ऐकू येतं ना, त्याला टॅग म्हणतात, आणि मला ते ऐकलं की नेहमी जुन्या काळच्या गायिका गौहर जान आठवतात. १९०२ मधे कलकत्त्याला त्यांचं रेकॉर्डिंग झालं आणि त्या काळच्या त्यांच्या रेकॉर्डच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत म्हणताना ऐकू येतात. तेव्हा रेकॉर्ड जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना लेबल लावताना गायिका कोण ते कळावं असा त्यामागे उद्देश सांगितला जातो, पण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात नाव पक्कं बसलं. तेव्हा पोरांनो टॅग लावा, लाजू नका, फक्त छोटा ठेवा.

पॉपमधे जळगावकडच्या संजू राठोडचं २०२४ चं गुलाबी साडी आठवा. त्या गाण्याने ऐकणाऱ्याला एक काम दिलं, गुलाबी साडी नेसा आणि व्हिडिओ करा, म्हणजे जाहिरात लोकांनीच केली. गाणं लिहिताना हे मुद्दाम जमत नाही, पण हुकची (डोक्यात बसणारी) ओळ ऐकून कुणी काय करेल हा विचार रिलीजच्या आधी नक्की करा. बँड आणि इलेक्ट्रॉनिकवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, तिथे माझं काम कमी आहे. व्हेन्यूवाला तिकिटं किती खपतील एवढंच विचारतो हे लक्षात ठेवा. डीजे-प्रोड्युसर क्रेटेक्सने मराठी हाउस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या डच लेबलवर नेलं, तेव्हा भाषा आड येते हे कारण आता कुणी देऊ नये.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे पण पैसे तिथेच अडकतात. प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख नंबर असतो, डिस्ट्रिब्युटर (गाणं ॲप्सवर पोचवणारी कंपनी) देतो, तो जपून ठेवा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं रिलीजच्या आधीच, शक्यतो किमान ७ दिवस आधी पाठवावं, मी तीन-चार आठवडे हातात ठेवते. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं, नाहीतर एकाच माणसाची तीन प्रोफाइल तयार होतात आणि ऐकणारे वाटले जातात. गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर तुमच्या रॉयल्टीचा हिस्सा लेबलला लिहून देता येत नाही, तरी "सगळे हक्क कायमचे" असा करार पुढे करणारे भेटतात, सही करायच्या आधी कुणा वकिलाला दाखवा. आणि व्ह्यूज विकत घेऊ नका. एका एजन्सीने आमच्या ओळखीतल्या ग्रुपला लाखो व्ह्यूज दिले, थोड्या दिवसांत निम्मे उडाले, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून सुपारी देणाऱ्या मंडळाने पुढच्या वर्षी फोन उचलला नाही.

हे काम शिकायचं असेल तर गावातल्या संगीत मंडळात खुर्च्या लावण्यापासून सुरुवात करा, गणपतीत बेंजो पार्टीबरोबर एक आगमन सोहळा पूर्ण चाला, कोण कुणाशी काय बोलून तारीख ठरवतो ते ऐका. स्वतःच्या पैशाचं पहिल्याच दिवशी बोला, बुकिंगवर साधारण १० ते २० टक्के चालतात, सोशल मीडियाचे महिन्याला वेगळे. साउंड कुणाचा, प्रवास कुणाचा, साथीदारांचे पैसे मानधनात धरलेत की वेगळे, ॲडव्हान्स किती आणि उरलेले स्टेजवर जायच्या आधी की नंतर, एवढं सगळं फोनवर ठरलं तरी फोन ठेवल्याबरोबर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचं "ओके" येईपर्यंत ती तारीख पक्की धरू नका.