हृदयविकार, शाकाहार आणि वाढलेले पोटॅशियम: कोकणातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना, गेल्या पावसाळ्यात राजापूर तालुक्यातल्या एका घरी स्वयंपाकघरात उभी राहून मी जे पाहिले, ते या लेखाचे कारण आहे. घरातल्या आजोबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली होती, त्यांनी माळ घालून मासळी कायमची सोडली होती आणि तपासणीत रक्तातले पोटॅशियम 5.8, म्हणजे हवे त्याहून जास्त, आले होते. ते फार वाढले तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. कडधान्ये भरपूर पाण्यात उकळून ते पाणी काढून टाका, असे मीच सांगितले होते. सूनबाईंनी ते मनापासून पाळले होते. कुळीथ मोठ्या टोपात उकळले, पाणी निथळून वेगळे केले, खाली राहिलेल्या कुळथाची उसळ केली. आणि मग त्या वेगळ्या काढलेल्या पाण्याला लसणीची फोडणी देऊन, दोन आमसुले घालून त्याचे कढण केले व आजारी माणसाला ताकद यावी म्हणून वाटीभर आजोबांनाच दिले. उसळीतून काढलेले पोटॅशियम त्या वाटीत उतरले होते. पाणी का काढायचे, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते, आणि ते सांगणे माझे काम होते.

पोटॅशियम पाण्यात विरघळते, म्हणून ते अन्नातून पाण्यात उतरते. उष्णतेने ते नष्ट होत नाही. हे एवढे लक्षात राहिले तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात. कटाची आमटी, भाजीचे उकळलेले पाणी कणकेत घालणे, सुरण उकडलेल्या पाण्यातच रस्सा करणे या एरवी काटकसरीच्या आणि चांगल्या सवयी या रुग्णासाठी सोडाव्या लागतात. प्रेशर कुकरमध्ये डाळ-भाजी कमी पाण्यात शिजते आणि ते पाणी अन्नातच राहते, त्यामुळे कुकरने पोटॅशियम कमी होत नाही. सुरण, रताळे, बटाटा यांच्या फोडी नुसत्या रात्रभर पाण्यात भिजत ठेवूनही फारसा उपयोग होत नाही. साल काढून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकणे आणि जमल्यास ताज्या पाण्यात पुन्हा एकदा उकळणे ही खरी पद्धत आहे. अळूची पाने अशीच उकळून, पाणी टाकून, मग फदफदे करावे, आणि त्यात मूठभर शेंगदाणे व ओले काजू घालण्याचा मोह त्या वाटीपुरता तरी आवरावा. कुळथाच्या पिठीत काढून टाकायला पाणीच नसते. त्यामुळे कुळथातले सगळे पोटॅशियम तिच्यात राहते आणि तिच्याबाबतीत वाटीचा आकार लहान करणे हाच उपाय उरतो.

दोष एकट्या अन्नाचा समजणे

रक्तातल्या पोटॅशियमची पातळी साधारणतः 3.5 ते 5 च्या दरम्यान असावी लागते. अहवालात एकक मिलिमोल असो वा मिलिइक्विव्हॅलंट, आकडा तोच राहतो. मूत्रपिंडे निरोगी असतील तर जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, म्हणूनच शेजारच्या घरातल्या माणसाला तेच जेवण बाधत नाही. हृदयाच्या रुग्णाचे गणित दोन कारणांनी बिघडते. हृदय अशक्त झाले की मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो. आणि हृदयाला आधार देणारी रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन व विशेषतः स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात.

हे वाचून काही घरांत लगेच गोळ्या बंद होतात. माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. हृदय गंभीररीत्या अशक्त झालेल्या रुग्णांवरील 1999 च्या मोठ्या चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यूचा धोका 30 टक्क्यांनी कमी झाला होता. अशी गोळी जेवणातली एक वाटी बदलण्याऐवजी सोडून देणे परवडणारे नाही. मात्रा कमी करायची की नाही, लघवी वाढवणारे औषध जोडायचे की पोटॅशियम आतड्यातच बांधून ठेवणारी पावडर द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. आपण करायचे ते इतकेच, की यांपैकी एखादे औषध नव्याने सुरू झाले किंवा त्याची मात्रा वाढली तर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्यावे. आपल्याकडे लांबच्या वाडीतून तालुक्याला जाण्याचा कंटाळा येऊन नेमकी हीच तपासणी राहून जाते.

शहाळे आणि मीठ

वैशाखात घामाने जीव कासावीस झाला की अंगणातल्या माडाचे शहाळे काढणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि निरोगी माणसासाठी ते नाहीच. परंतु 100 मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. एक मोठे शहाळे प्यायले तर ते 700 मिलिग्रॅमपर्यंत सहज पोचते, आणि द्रवरूप असल्याने ते लवकर शोषले जाते. 100 ग्रॅम केळ्यात सुमारे 360, तर फणसाच्या गऱ्यांत सुमारे 450 मिलिग्रॅम असते. आंब्यात मात्र तेवढ्याच गरात 170 च्या आसपास असते, त्यामुळे एका लहान हापूसचा अर्धा भाग ज्यांच्या तोंडून काढून घेतला जातो आणि वर "त्याऐवजी शहाळे घ्या" असे सांगितले जाते, त्यांच्यावर दोन्हीकडून अन्याय होतो. अर्थात मधुमेह असेल तर आंब्याचा हिशोब वेगळा मांडावा लागेल.

जुलाब-उलट्या झाल्यावर तर शहाळे हमखास दिले जाते. त्या दिवसांत शरीर कोरडे पडून मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते आणि वरच्या गोळ्या चालूच असतात, म्हणून पोटॅशियम झपाट्याने वाढू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते ठरवावे. जलसंजीवनीच्या पुडीतही पोटॅशियम क्लोराइड असते, त्यामुळे तीही विचारूनच द्यावी.

रक्तदाबासाठी म्हणून आणलेले कमी सोडियमचे मीठ हा दुसरा छुपा रस्ता आहे. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि अन्नातल्या पोटॅशियमपेक्षा हे अधिक प्रमाणात शोषले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये सर्वसाधारण प्रौढांना अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडांचे काम बिघडलेल्यांना ती लागू नाही, असे त्यातच म्हटले आहे. पाकिटामागची घटकांची यादी वाचावी. सैंधव हे मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे त्याने सोडियमही कमी होत नाही.

उपवासाचे ताट

एकादशीच्या दिवशी भात, म्हणजे कमी पोटॅशियमचे अन्न, ताटातून जातो आणि त्याच्या जागी रताळ्याचा कीस, उकडलेले सुरण, केळी, शेंगदाण्याची आमटी, खजूर आणि शहाळे येते. श्रावणात असे दिवस एकापाठोपाठ येतात. उपवास सोडा, असे मी कोणालाही सांगत नाही. आजोबांना तर ते सांगणे शक्यच नव्हते. वरीचे तांदूळ आणि साबुदाणा यांत पोटॅशियम कमी असते, तेव्हा वरीचा भात, काकडी आणि मूठभर ऐवजी चमचाभर दाण्याचे कूट असे ताट त्यांनी मान्य केले. दिवसभर निराहार राहणे मधुमेही रुग्णाने टाळावे, कारण इन्सुलिन कमी पडले की पेशींतले पोटॅशियम रक्तात येते.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे घाबरून सगळ्या भाज्या आणि डाळी बंद करणे. मग पेज, पापड आणि लोणचे उरते, मीठ वाढते, बद्धकोष्ठ होते. आणि मूत्रपिंडे कमी पडत असताना शौचावाटे जाणारे पोटॅशियम महत्त्वाचे असते, म्हणून पोट साफ न होणे इथे दुहेरी नुकसान करते. दुधी, पडवळ, दोडके, कोबी, काकडी या भाज्या रोज खाव्यात. सोलकढी नारळाच्या रसामुळे जपून घ्यावी, पातळ आणि अर्धी वाटी. गुळाऐवजी थोडी साखर, हा बदल मला स्वतःला आवडत नाही, पण गुळात पोटॅशियम खूप असते हे खरे आहे.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मूत्रपिंडांवर ताण आणून पोटॅशियम वाढवते. ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

आकडा पाहून गोंधळणे

वाडीवर काढलेला रक्ताचा नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कधी कधी अर्धा दिवस जातो. दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधला, मूठ वारंवार आवळली किंवा वाटेत रक्तपेशी फुटल्या, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून 5.6 सारखा आकडा आला आणि रुग्ण ठीक असला, तर तपासणी जिथे होते तिथेच जाऊन, शक्यतो त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, ती पुन्हा करावी.

पण 6 च्या वर आकडा असेल, किंवा हातापायांतली शक्ती गेल्यासारखी वाटत असेल, छातीत धडधडत असेल, नाडी फार मंद लागत असेल, चक्कर येत असेल, तर पुनर्तपासणीची वाट पाहू नये. पोटॅशियम वाढल्याची लक्षणे बरेचदा दिसतच नाहीत आणि हृदयाचा ठोका अचानक बिघडतो. जिथे लगेच ईसीजी काढता येईल अशा सर्वांत जवळच्या रुग्णालयात, रात्र असली तरी, गाडी करून निघावे आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटे सोबत न्यावीत.