जुन्या स्थलनिर्देशक नकाशांवरून ओढ्याच्या खोऱ्याचा इतिहास कसा मांडावा

ग्रामीण अमेरिकेतील एखाद्या ओढ्याच्या खोऱ्याचा बदल अभ्यासायचा असेल, तर तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे १८८४ ते २००६ या काळातील नकाशे मोफत उतरवून घेता येतात. एकाच खोऱ्याच्या सर्व आवृत्त्या मिळवाव्यात आणि प्रथम समासातील मजकूर वाचावा, कारण छपाईचे वर्ष आणि प्रत्यक्ष मोजणीचे वर्ष यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. जांभळ्या रंगातील दुरुस्त्या केवळ हवाई छायाचित्रांवरून केलेल्या असतात. त्यांची जागेवर पडताळणी झालेली नसते.

त्यानंतर क्यूजीआयएससारख्या संगणकप्रणालीत प्रत्येक नकाशा अक्षांश-रेखांशांवर बसवावा. त्यासाठी नकाशाच्या कोपऱ्यांवरील व कडेच्या खुणा, रस्त्यांचे चौक किंवा रेल्वेचे छेदबिंदू घ्यावेत. ओढ्याचे वळण मात्र संदर्भबिंदू म्हणून कधीही घेऊ नये, कारण त्याच्याच हालचालीचा आपण शोध घेत असतो. जुन्या नकाशांचा १९२७चा डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याची आधारचौकट) आजच्या डेटमशी जुळवला नाही, तर सारे खोरे कित्येक मीटर सरकलेले दिसते.

खरी कसोटी तुलनेत आहे. १:६२,५०० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे ६२.५ मीटर, तर १:२४,००० वर २४ मीटर. शिवाय सुरुवातीच्या मोजणीदारांनी प्लेन टेबलवर (जागेवर नकाशा काढण्यासाठी तिपाईवर बसवलेल्या सपाट फळीवर) मोजके बिंदू निश्चित करून त्यांमधील समोच्च रेषा समोरचा भूभाग पाहत हाताने रेखाटल्या. त्यामुळे जुन्या नकाशात नसलेले वळण नंतरच्या नकाशात दिसले, म्हणून ते नव्याने तयार झाले असे मानू नये. १९४७च्या अचूकता निकषानुसार १:२४,००० नकाशावरील तपासलेल्या ठळक बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू सुमारे १२ मीटरांच्या आत असावे लागतात, त्याहून जुन्या नकाशांना मात्र हा निकष लागू नव्हता. याउलट, ओढा सरळ दाखवलेला असूनही काउंटीची (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाची) सीमा नागमोडी असेल, तर ती बहुधा जुन्या पात्राची खूण असते, आणि असा पुरावा मला मोजमापांपेक्षाही अधिक मोलाचा वाटतो.

ओढा ओलांडताना समोच्च रेषांना इंग्रजी व्ही अक्षरासारखे जे टोक येते, ते उगमाकडे वळलेले असते. त्यावरून ओढ्याच्या वरच्या फाट्यांची दिशा तपासावी. तुटक निळी रेषा हंगामी प्रवाह दर्शवते. अखेरीस प्रत्येक कालखंडाचे पात्र स्वतंत्र थरावर रेखाटून, त्याच थरात मोजणीचे वर्ष, मूळ नकाशाचे प्रमाण व अंदाजित त्रुटी नोंदवावी.