छज्ज्यावरचा नारिंगी गंज

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सोसायटीचा छज्जा का पडला ते तपासायला गेले. जुलै महिना, राडारोडा आठ दिवस पावसात पडून होता. सेक्रेटरींनी गेटवरच निकाल दिला, "मॅडम, गळती. गज सडलेत." तुटक्या तुकड्यांतून डोकावणारे गज खरंच नारिंगी होते. मी वहीत 'गंज' लिहिलं आणि चहा घेतला.

आमच्या सरांनी वही बघून एवढंच विचारलं, "हा गंज छज्जा पडण्याआधीचा की नंतरचा?"

परत गेले. जुना गंज काळपट, पापुद्र्यांचा असतो. फुगून काँक्रीटला तडे देतो. इथली नारिंगी पूड बोटाने पुसली गेली, खाली गजाचे उभार शाबूत. तुकडा नव्याने फोडून फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) फवारलं, तर गजापर्यंत गडद गुलाबी. म्हणजे गजाला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कलीपणा टिकून होता. (खारट वाळूमुळे येणारा गंज या चाचणीत कळत नाही. क्लोराईडसाठी नमुना वेगळा पाठवावा लागतो. तोही ठीक आला.)

मग भिंतीलगतचा तुटलेला भाग मोजला. जाडी १०० मिमी. छज्ज्याचा मुख्य गज वरच्या बाजूला हवा, वरून साधारण २५ मिमीवर. इथे तो ५५ वर. काँक्रीट ओतताना जाळीवरून माणसं चालली, खाली चेअर (गज उचलून धरणारे आधार) नव्हत्या, की असंच होतं. कामाची खोली, म्हणजे गजापासून छज्ज्याच्या तळापर्यंतचं अंतर, ७५ वरून ४५ मिमीवर आली, म्हणजे ताकद जवळजवळ ६० टक्केच उरली.

सापडलं म्हणून मी खूश. सर म्हणाले, "मग इतकी वर्षं टिकला कसा?"

उत्तर राडारोड्यातच होतं: मे महिन्यात गळती थांबवायला घातलेला चार इंची ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर. छज्ज्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलो, त्यावर हा दोनशेच्या आसपास.

पहिलं कारण सापडलं की थांबायचा मोह फार असतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हॉटेलातले, छताला सळयांनी टांगलेले पूल १९८१ मध्ये कोसळले, ११४ माणसं गेली. एका सलग सळईच्या जागी दोन वापरल्यामुळे वरच्या पुलाच्या सांध्यावरचा भार दुप्पट झाला होता. तपास करणाऱ्यांनी तरीही मूळ आराखडा तपासला. तोही नियमाने लागणाऱ्या भाराच्या ६० टक्केच पेलणारा निघाला.

आता साइटवर जाण्याआधी वहीत तीन रकाने आखते: अंदाज, तो खरा असेल तर काय दिसायला हवं, आणि काय दिसलं तर तो बाद. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आवडत्या अंदाजाचा तर हटकून रिकामा राहतो. तुकडा हलवण्याआधी पट्टी ठेवून फोटो, खडूने नंबर, हे वेगळं सांगायला नको.

त्या छज्ज्याच्या वेळी पहिल्यांदा भरलेल्या तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: त्याच दिवशी ओतलेल्या बाकीच्या छज्ज्यांत गज जागेवर सापडले, तर जाळी तुडवली गेल्याचा अंदाज डळमळीत. कव्हरमीटर (काँक्रीट न फोडता गज किती खोल आहे ते दाखवणारं यंत्र) घेऊन सहाही तपासले. चारांत गज खाली होते. त्याच संध्याकाळी त्या चारांखाली टेकू लागले.